नळीतली लाट

जुनी गाडी ट्रॅकवर न्यायची असं एकदा मनाने घेतलं की पहिला हात पडतो तो सायलेन्सरवर. इंजिन खोलायला हिंमत लागते, गिअरबॉक्सला पैसा लागतो, सस्पेन्शनला अभ्यास लागतो. सायलेन्सर मात्र चार नट सोडले की हातात येतो. नवा बसवला की आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की गाडी जोरात पळायला लागली असं मालक शपथेवर सांगतो. घड्याळ लावून बघितलं तर बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं. कधीकधी तर गाडी आधीपेक्षा हळू झालेली असते.

आवाज आणि ताकद यांचं नातं किती कच्चं आहे हे समजून घ्यायला मी लखनौची निवड केली, याचं कुणालाही नवल वाटेल. मोटारस्पोर्टच्या नकाशावर या शहराचं नाव नाही. उत्तर प्रदेशातला मोठा ट्रॅक म्हणजे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपी. पण तो ग्रेटर नोएडात, लखनौपासून साडेचारशे किलोमीटरहून लांब. लखनौ म्हटलं की आपल्याला चिकनकारी आठवते, टुंडे कबाब आठवतात, फार तर इमामबाडा. सायलेन्सर आठवत नाही.

तरीही शहरातून कानपूर रोडला लागावं, अमौसीचा विमानतळ मागे टाकावा, की सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडिया लिमिटेडचा कारखाना लागायचा. २०२१ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. तिथल्याच ज्या स्कूटरवर भारतात पुढे पोरगं उभं, मागे बायको आडवी बसलेली आणि पायांत भाजीची पिशवी असा संसार फिरला, तीच स्कूटर लॅम्ब्रेटा नावाने परदेशी गेली आणि इंग्लंडमध्ये तिच्या पोटाखाली लांबलचक फुगीर नळी बांधून तिला क्लब शर्यतींत पळवण्यात आलं. यंत्र तेच, साचे तेच. फरक होता तो नळीचा, आणि ती नळी लावून पळायला जागा असण्याचा.

*

लॅम्ब्रेटाचा जन्मच नळीतून झाला. मिलान शहराच्या लांब्राते भागात फेर्दिनांदो इनोचेन्ती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत त्याची वाताहत झाली, आणि १९४७ मध्ये त्याच आवारातून लॅम्ब्रेटा बाहेर पडली. व्हेस्पाचं सगळं अंग दाबलेल्या पत्र्याचं. लॅम्ब्रेटाला मात्र नळ्यांचा सांगाडा आणि वरून पत्र्याचं आवरण. इंजिनही व्हेस्पासारखं एका बाजूला लटकलेलं नव्हतं, मधोमध बसवलेलं होतं. तोल चांगला. वेगाची हौसही कंपनीला सुरुवातीपासून होती. ऑगस्ट १९५१ मध्ये रोमोलो फेर्री या स्वाराने म्युनिक–इंगोलस्टाट महामार्गावर सुपरचार्जर लावलेली, माशासारखं कवच चढवलेली १२५ सीसीची लॅम्ब्रेटा ताशी २०१ किलोमीटरने पळवली. आजही १२५ ची मोटारसायकल घेऊन हा आकडा गाठायला जावं, घाम फुटेल.

१९६९ मध्ये डीएल, म्हणजे इंग्रज बाजारातली जीपी, ही नवी मालिका आली. लॅम्बोर्गिनी मिउराचं अंग जिथे आखलं गेलं त्याच बेर्तोनेच्या स्टुडिओने तिचं रूप केलं होतं. अंग सडपातळ, कडा धारदार, मडगार्डही आखूड. दोन वर्षांतच, १९७१ मध्ये, इटलीतलं उत्पादन थांबलं. इटालियन माणूस तोवर छोट्या मोटारीकडे वळला होता. इकडे आपल्याला स्कूटर मिळत नव्हती, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागत होती. सप्टेंबर १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया स्थापन झाली आणि भारत सरकारने इनोचेन्तीची स्कूटरची यंत्रं, साचे, आराखडे, एवढंच काय, नावसुद्धा विकत घेतलं. १९७५ मध्ये लखनौहून पहिल्या स्कूटर निघाल्या. देशात विकायची तिला विजय सुपर म्हणायचं, बाहेर पाठवायची ती लॅम्ब्रेटा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे भांडुप आठवेल. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही १९४९ ची कंपनी पन्नासच्या दशकापासून तिथे लॅम्ब्रेटा जोडत होती, पुढे बनवत होती, आणि नंतर तिचीच लॅम्बी झाली. पण भांडुपची स्कूटर जुन्या घडणीची, गोल अंगाची. डीएलचे साचे गेले लखनौला. आणखी एक गंमत जाता जाता सांगतो. याच कानपूर रोडच्या दुसऱ्या टोकाला, कानपुरात, एलएमएलने व्हेस्पा बनवल्या. इटलीत जन्मभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन सवती अवधच्या एकाच रस्त्यावर येऊन नांदल्या, आणि दोघींची घरं शेवटी बंदच झाली.

*

मोटारवाल्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण शर्यतीच्या नळीला वापरतात तो हेडर हा शब्द मूळ त्यांचा. चार सिलिंडरच्या जुन्या मोटारीत धूर बाहेर पडतो तो बिडाच्या मॅनिफोल्डमधून. कंपनीने तो ओतताना तीन गोष्टी बघितलेल्या असतात: स्वस्त पडावा, बॉनेटखाली मावावा, तडकू नये. चारही तोंडं एका आखूड दालनात येऊन धडकतात. एका सिलिंडरचा धूर दाबाने बाहेर पडतो तेव्हा शेजारच्या सिलिंडरची झडप अजून पुरती मिटलेली नसते, आणि तो दाब तिथे उलटा शिरतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, सारख्या लांबीची पोलादी नळी मिळते. १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिल्या-चौथ्याची जोडी आणि दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी आधी एकत्र आणायची, मग दोघींची एक करायची. याला फोर-टू-वन म्हणतात, आणि त्याने मधल्या आरपीएमला जोर येतो. चारही नळ्या थेट एकत्र आणल्या तर ताकद वरच्या टोकाला सरकते.

नळी जाड घेतली की ताकद जास्त, हा दुसरा गोड गैरसमज. नळी जाड झाली की धुराचा वेग मंदावतो, आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. शिवाय झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरवणारा कॅमशाफ्ट कंपनीचाच असेल तर नुसत्या हेडरने हाती फार थोडं लागतं. आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कार मुळात हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. १९९८ मध्ये गोव्याहून सॅन स्टॉर्म नावाची दोन जणांची उघडी गाडी निघाली होती, तिच्यात रेनॉचं ११४९ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं इंजिन होतं. असल्या इंजिनाला हेडर लावून दोन-चार घोडे वाढले तर भाग्य समजावं. खर्चाच्या मानाने आधी टायर बदलावेत असं माझं स्पष्ट मत आहे. हेडर हा शेवटचा घास आहे, मोटारवाले तो पहिला घेतात.

लॅम्ब्रेटासारख्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र हिशेबच वेगळा. तिथे झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, ती पिस्टन खाली-वर होताना उघडतात आणि झाकली जातात. धूर जायचं भोक आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण यायची भोकं बराच वेळ एकदमच उघडी असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच धुरामागोमाग निसटतो. विजय सुपरच्या मागे उभं राहिल्यावर नाकात जो पेट्रोलचा वास जायचा, तो हाच.

हे निसटलेलं मिश्रण परत आणायचं काम नळी करते. धुराचं भोक उघडल्या क्षणी दाबाची एक लाट नळीत सुटते. गरम धुरात तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो. नळी हळूहळू रुंद होत गेली की लाटेचा एक भाग उलटा फिरतो, पण तो ओढणारा असतो. सिलिंडरमधला उरलासुरला धूर तो खेचून काढतो, आणि त्यामागून ताजं मिश्रणही थोडं नळीत उतरतं. पुढे नळी पुन्हा अरुंद होते. त्या भिंतीवर आपटून परत येणारी लाट ढकलणारी असते. दादरला लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांना फलाटावरचा कुणीतरी खांदा लावून आत दाबतो आणि तेवढ्यात गाडी सुटते, तशी ती लाट नळीत उतरलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते आणि तेवढ्यात पिस्टन भोक झाकतो. सुपरचार्जरचं काम फुकटात होतं, हलणारा एकही भाग न लावता. अट एकच. लाट नेमक्या वेळी परतायला हवी. लवकर आली तर सिलिंडर भरलेलाच नसतो, उशिरा आली तर दार बंद.

या युक्तीचा पाया जर्मनीत डीकेडब्ल्यूच्या एरिख वोल्फ यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी घातला, पण तिला शास्त्राचं रूप दिलं ते वाल्टर काडेन यांनी. काडेन युद्धकाळात पेनेम्युंडेला क्षेपणास्त्रांच्या कामावर होते. युद्धानंतर ते पूर्व जर्मनीत राहिले आणि त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्याचा शर्यत विभाग सांभाळू लागले. हाती पैसा नाही, चांगलं पोलाद नाही. पण नळीतल्या लाटा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायची कल्पना त्यांना सुचली. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने १०,८०० आरपीएमला २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला दोनशे. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात हा आकडा त्याआधी कुणी गाठला नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर तेव्हा विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत त्याचं इंजिन बिघडलं, आणि तो तिथूनच पळाला. त्याच्या बायकोमुलांना मोटारीच्या डिकीत लपवून आधीच पश्चिमेला आणलं होतं. तो गेला सुझुकीकडे, डोक्यात काडेनची सगळी विद्या घेऊन. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर बसून त्याने जिंकलं. काडेन त्शोपाऊलाच राहिले. जपानी टू-स्ट्रोकची पुढची सगळी दौलत या एका पळून जाण्यातून उभी राहिली असं म्हणणं थोडं नाट्यमय होईल, पण फार खोटं होणार नाही. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० आणि १९८५ ची आरएक्स १०० या दोघी त्याच वंशातल्या. कोल्हापूर-साताऱ्याकडे आरएक्सच्या आवाजावर जीव टाकणाऱ्या पोरांनी त्शोपाऊचं नाव ऐकलेलं नसतं, एवढंच.

*

आता कारागिराच्या दुकानात येऊ. लखनौत जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायचे तर पाय लालबागकडे वळतात. ज्या मिस्त्र्यांची हयात विजय सुपर आणि विक्रम टेंपोवर गेली, त्यांना टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं एक गुपित ठाऊक असतं: तो कार्बनने तुंबतो. जळकं ऑइल आत साचून दगडासारखं होतं आणि गाडी हळूहळू दम टाकते. मग सायलेन्सर काढायचा, आत कॉस्टिक सोडा भरून ठेवायचा किंवा सरळ आगीत भाजायचा, आणि ठोकून काळी खपली झाडायची. दुसऱ्या दिवशी स्कूटर तरुण. नळीचा इंजिनाशी काय संबंध असतो ते या माणसांना पुस्तकाशिवाय कळलेलं असतं. नळी बनवून घ्यायला येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाला म्हणूनच पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: आवाज पाहिजे, की पळायला पाहिजे?

पळायला पाहिजे असेल तर काम पत्र्यापासून सुरू होत नाही, कोनमापकापासून होतं. क्रँकच्या टोकाला अंश आखलेली चकती लावायची, पिस्टन हाताने फिरवायचा आणि धुराचं भोक किती अंश उघडं राहतं ते मोजायचं. समजा १८० अंश आलं. मग ठरवायचं की ताकद कुठल्या आरपीएमला हवी. समजा ७,०००. या वेगाने फिरणाऱ्या इंजिनात १८० अंश फिरायला लागतात जेमतेम सव्वाचार मिलिसेकंद. तेवढ्यात लाटेने जाऊन परत यायचं. लाटेचा वेग सेकंदाला ५१८ मीटर धरला, अमेरिकेतल्या गॉर्डन जेनिंग्ज यांनी १९७३ च्या आपल्या टू-स्ट्रोकच्या पुस्तकात १७०० फूट धरलाय तो हाच, तर पिस्टनपासून परतीच्या भिंतीच्या मध्यापर्यंत नळीची लांबी निघते १ मीटर ११ सेंटीमीटर. ताकद ६,००० ला हवी असेल तर जवळपास १ मीटर ३० सेंटीमीटर. ८,५०० ला हवी असेल तर ९१ सेंटीमीटर. दुसऱ्याच्या गाडीची नळी उसनी आणून आपल्या गाडीला लावली की ती का चालत नाही, ते या तीन आकड्यांत आलं.

मग कागद. नळीचा रुंद होत जाणारा भाग म्हणजे कापलेला शंकू. समजा एका टोकाला ४२ मिलिमीटर व्यास, दुसऱ्याला १००, लांबी ३००. हा शंकू उलगडून सपाट केला तर जाड कंगन अर्धवट कापावं तसा तुकडा मिळतो: आतली त्रिज्या २१८ मिलिमीटर, बाहेरची ५२०, आणि कोन ३४.६ अंश. मोठ्या कंपासने तो पुठ्ठ्यावर काढायचा, कापायचा, पुठ्ठा गुंडाळून बघायचा. कडा जुळल्या तरच सीआर पत्र्यावर ठेवायचा. पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर. जाड घेतला तर वळत नाही आणि वजन वाढतं, फार पातळ घेतला तर थरथरून चिरतो. कातरीने कापायचा, पाइपाच्या तुकड्यावर ठेवून लाकडी हातोडीने हलके हलके वळवायचा. कडा एकमेकींना भिडल्या की तीन-चार ठिकाणी टॅक, मग गॅस वेल्डिंगची एक सलग शिवण. इथे घाई केली की पत्रा तापून वाकतो आणि शंकू केळं होतं. वेल्डिंगचा मणी नळीच्या आत उतरला तर तोही घासून काढायचा.

असे चार-पाच तुकडे एकापुढे एक. सरळ रेषेत ते सुंदर दिसतात, पण स्कूटर सरळ रेषेत बांधलेली नसते. लॅम्ब्रेटाच्या सिलिंडरला कार्ब्युरेटर वरून येतो आणि धूर खालून जातो. म्हणजे नळी निघते तीच जमिनीकडे तोंड करून. तिला लगेच वळवायचं, इंजिनाच्या पोटाखालून मागे न्यायचं, किकच्या आणि मागच्या चाकाच्या आड येऊ द्यायचं नाही, आणि वळणावर गाडी आडवी झाली की ती रस्त्याला घासताही कामा नये. यासाठी शंकूंच्या पाचरी कापून त्या फिरवून जोडतात. लांबी मोजायची ती मधल्या काल्पनिक रेषेवरून. बाहेरच्या कडेवरून मोजली की सगळं गणित बिघडलं. शेवटची बारीक नळी, जिच्यातून धूर हवेत जातो, तिचा व्यास हा सर्वांत धोक्याचा आकडा. जास्त बारीक झाली तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टनला भोक पडतं. मोठी झाली तर ताकद पळते आणि आवाज तेवढा उरतो.

नळी बसली की काम संपलं असं ज्याला वाटतं त्याची गाडी पहिल्याच फेरीत जाम होते. नवी नळी इंजिनाला जास्त हवा प्यायला लावते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. म्हणून मेन जेट आधी दोन-तीन नंबर मोठा टाकून सुरुवात करायची, मग खाली उतरायचं. कंपनीच्या जीपी २०० मध्ये १९८ सीसीत सुमारे १२ अश्वशक्ती, ती सहा हजारांच्या थोडं वर. हवेने थंड होणारा बिडाचा सिलिंडर आहे, पाण्याचा नाही, हे विसरून चालत नाही.

गिअरचा प्रश्न त्याहून खट्याळ. लॅम्ब्रेटाला गिअर चार. ट्रॅकची नळी पाचशे-हजार आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात जोर देते आणि त्याखाली इंजिन अक्षरशः खोकत बसतं. समजा तिसऱ्यात ७,५०० पर्यंत ताणून चौथा टाकला आणि दोन्ही गिअरमधला फरक १.३५ पट असला, तर इंजिन येऊन पडतं साडेपाच हजारांवर. नळी झोपलेली. स्वार पुन्हा तिसरा टाकतो, इंजिन किंचाळतं, वळण येतं. बेंचवर मोजलेले वाढीव घोडे असे दोन गिअरच्या फटीत पडतात. यावर शहाण्यांचा उपाय असा की नळी थोडी लांब ठेवायची, शंकूंचे उतार सौम्य ठेवायचे, वरचे एक-दोन घोडे सोडून द्यायचे आणि पट्टा रुंद करून घ्यायचा. जाहिरातीत सांगायला हा उपाय नीरस आहे. फेरीची वेळ मात्र त्यानेच कमी होते.

*

इंग्लंडच्या लोकांनी हे सगळं फार आधी करून पाहिलं. वॉटफर्डचे आर्थर फ्रान्सिस साठच्या दशकातच बदल केलेल्या एस-टाइप लॅम्ब्रेटा विकत होते. १९७९ मध्ये ‘क्वाड्रोफेनिया’ हा चित्रपट आला, साठच्या दशकातली मॉड पोरं आणि त्यांच्या आरशांनी लदलेल्या स्कूटर पडद्यावर परतल्या, आणि नव्या पिढीला लॅम्ब्रेटा हवीशी झाली. इटलीत ती बनत नव्हती. बनत होती लखनौला. भारतीय जीपीच्या फिनिशिंगबद्दल इंग्रज कुरकुरले. रंग, क्रोम, ओतकाम, सगळ्यात खोट काढली. पण घेतली, खोलली, आणि सुधारली. इटलीच्या आन्चिलोत्तीचा क्लबमन हा दिसायला मूळ सायलेन्सरच्या जवळचा आणि रस्त्याला सोसणारा. त्यापुढे निव्वळ शर्यतीच्या फुगीर एक्स्पान्शन नळ्या. ऐंशीच्या दशकात टीएस-१ हा ॲल्युमिनियमचा रीड-व्हॉल्व्ह सिलिंडर आला आणि दोनशेची लॅम्ब्रेटा सव्वादोनशेची झाली. आजही ब्रिटिश स्कूटर स्पोर्ट ऑर्गनायझेशनच्या शर्यतींत या इंजिनांचे वंशज कॅडवेल, मॅलरीसारख्या ट्रॅकवर धावतात, आणि एसआयएल, म्हणजे स्कूटर्स इंडिया लिमिटेड, असा शिक्का असलेला भाग हातात आला की तिकडचा माणूस तो फेकत नाही.

इकडे १९९७ मध्ये स्कूटर्स इंडियाने दुचाकी सोडून दिली आणि विक्रम या आपल्या तीनचाकी टेंपोवर लक्ष घातलं. त्यात चूक काही नव्हती. लखनौ-कानपूरचा रोजचा माणूस विक्रममध्येच कोंबून प्रवास करत होता. मला खटकतं ते त्याआधीचं. जगातली सर्वांत देखणी, सर्वांत सहज सुधारता येणारी स्कूटर बनवायचा हक्क वीसबावीस वर्षं आपल्या एका सरकारी कारखान्याकडे होता. सरकारी कारखान्याचं कौतुक होतं ते उत्पादनाच्या आकड्यावर, फेरीच्या वेळेवर नव्हे. आणि समजा एखाद्या तरुण इंजिनिअरने बेंचवर बसून चांगली नळी आखली असती, तर ती घेऊन त्याने जायचं कुठे? मद्रासजवळ शोलावरमची जुनी धावपट्टी होती, ती दोन हजार किलोमीटरवर. नळी ही जागेच्या मागोमाग येते. कोल्हापुरात मोहित्यांचा छोटा ट्रॅक झाला आणि गावातली पोरं कार्टिंगमधून वर गेली; मुंबईत पावसाळी स्कूटर रॅली सुरू झाली आणि गॅरेजवाल्यांनी चिखलात चालणारे सायलेन्सर वर वळवून घेतले. लखनौला असं काही लाभलं नाही.

जागा नसली की नळी रस्त्यावर येते, आणि तिथे ती कुणालाच नको असते. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली आणि यंत्रणांना कारवाईबद्दल विचारलं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं होतं की कंपनीने दिलेल्या मूळ घडणीला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्सवर गदा. आपल्याकडे पोलिसांनी जप्त सायलेन्सरची रांग लावून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. ते बघून मला वाईट वाटत नाही. त्या रांगेत खरी आखलेली नळी एखादीच असेल; बाकी सगळा पंजाब कट, आतली जाळी काढलेला, ताकद घालवून आवाज मिळवलेला पत्रा.

तेव्हा मूळ सायलेन्सर जपून ठेवायचा. रस्त्यावर तोच. ट्रॅकची नळी वेगळी, आणि ती लावली की गाडी छोट्या टेंपोत टाकून न्यायची, चालवत नाही. ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या अर्ध्या दमाने मारायच्या. मग लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण उघडून चौथ्यात पळवायची, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत पिटमध्ये आणायची. प्लग काढून बघायचा. पोर्सेलिन विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरं दिसलं तर जेट ताबडतोब मोठा, काळं ओलं असेल तर एक नंबर लहान. दुसऱ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना इंजिन कुठे खोकतं ते आरपीएमच्या काट्यावर लक्षात ठेवायचं. पट्ट्याच्या जरासं खाली पडत असेल तर लगेच करवत घेऊन नळी कापायला बसू नये. लॅम्ब्रेटात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये साखळी आहे, व्हेस्पात नाही. आधी पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करून बघावं. ते नळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.